"ताई, मशीन काहीतरी ई-ई दाखवायली"

आमच्या दुकानातला फोन मी घेते. लातुरात गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर आमचं वॉशिंग मशीन, फ्रिज, एसी दुरुस्तीचं दुकान आहे. आमचे हे आणि दोन पोरं घरोघरी कामाला जातात, मी काउंटरवर बसते. लग्न होऊन आले तेव्हा फेज कुठला न् न्यूट्रल कुठला हेही मला कळत नव्हतं. आता चौदा वर्षं फोन ऐकून ऐकून असं झालंय, की दहातले चार-पाच फोन माणूस न पाठवताच मिटतात. यांना ते फारसं आवडत नाही, व्हिजिट बुडते म्हणून. पण भर उन्हात औसा रोडच्या टोकाला जाऊन फक्त नळाची चावी उघडून परत यायचं आणि त्याचे पैसे मागायचे, हे त्यांनाही जड जातं.

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, मशीन काहीतरी ई-ई दाखवायली." आणि दुसरं: "बोर्ड गेला असंल का ओ?"

नाही. बोर्ड म्हणजे मशीनचा मेंदू, आतली सर्किटची पाटी. तो गेला असता तर बहुतेक वेळा मशीन काहीच दाखवू शकली नसती. डिस्प्लेवर ती अक्षरं-आकडे, म्हणजे कोड, येतोय म्हणजे बोर्ड जागा आहे आणि तक्रार करतोय. ती तक्रार नीट ऐका. बोर्डाला डोळे नसतात, चार-दोन सेन्सर असतात. त्याने पाणी मागितलं आणि ठरल्या वेळात पाण्याची पातळी वाढली नाही, की तो पाण्याचा कोड टाकून मोकळा होतो. नळ बंद होता, टाकी रिकामी होती, की जाळीत खार बसला होता, हे त्याला ठाऊक नसतं. ते आपण शोधायचं. आमच्या भागात ते कारण बऱ्याचदा मशीनच्या बाहेर, पाण्यात नाहीतर विजेत सापडतं.

सगळ्यात आधी कोडचा फोटो काढा. तोंडी सांगू नका, कारण त्या लाल-हिरव्या काड्यांच्या अक्षरांत इंग्रजी पाच आणि एस सारखेच दिसतात, शून्य आणि ओ सारखेच, सहा आणि बी तर जुळे भाऊ. एका सरांनी मला अर्धा तास "एससी" सांगितलं, मी वहीत शोध शोध शोधलं. तो होता ५सी. डिस्प्ले नसेल, नुसता दिवा लुकलुकत असेल, तर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. कितीदा लुकलुकून थांबतो, त्यावरच सगळं असतं. मग मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो. फ्रंट लोड मशीनमध्ये तो दाराच्या कडेला असतो, फ्रिजमध्ये आतल्या भिंतीवर, एसीच्या आतल्या युनिटला बाजूला किंवा खाली. हा फोटो आजच काढून ठेवा, कारण मशीनसोबत आलेलं पुस्तक ऐनवेळी कुणाकडेच सापडत नाही. एका काकूंकडं ते सोन्याच्या डब्याबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये होतं. मॉडेल नंबर असला की कंपनीच्या साइटवरून तेच पुस्तक उतरवून घेता येतं.

आणि कोड कधी आला ते सांगा. पाणी भरताना, पाणी सोडताना, की पिळताना? त्याआधी घरात काय झालं होतं? लाइट जाऊन आली, टँकरचं पाणी टाकीत घेतलं, पाहुण्यांची अंथरुणं धुवायला टाकली? हे मी विचारते तेव्हा लोकांना वाटतं, बाई चौकशा करायली. पण अर्धं निदान त्यातच असतं.

त्यानंतर एकदा, फक्त एकदा, मशीनची वीज तोडून बघा. बटण बंद करून नाही, प्लग काढून. एसीचा एमसीबी, म्हणजे वायरिंगच्या डब्यातला त्याचा खटका, पाडून. दहा मिनिटं तसंच राहू द्या, बोर्डातली साठलेली वीज उतरू द्या, मग लावा. लाइट गेल्या-आल्याने गोंधळलेला बोर्ड एवढ्यानंच ताळ्यावर येतो. मात्र कोड त्याच ठिकाणी परत आला, तर पुन्हा पुन्हा प्लग काढत बसू नका. कारण तिथंच आहे, ते तुम्हाला शोधावं लागणार.

आता पाणी. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण लातूरकराला पाण्यावर बोलायचा हक्क आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते गाव हे. तेव्हापासून प्रत्येकाच्या घरात एक जास्तीची टाकी, एक ड्रम, आणि जिथं लागलं तिथं बोअर. मशीन बनवणाऱ्याने यातलं काहीच धरलेलं नसतं.

पाणी न आल्याचा कोड एलजीवर आयई, सॅमसंगवर ४सी किंवा ४ई, बॉशवर ई१७ असा येतो. नळ पूर्ण उघडा आहे का आणि पाइप मशीनमागे दुमडलाय का, हे बघितलंच असेल असं धरते. (धरत नाही खरं तर. परत बघा.) मग नळ बंद करा, प्लग काढा, मशीनकडचा पाइप हाताने उघडा. पाइप जिथं मशीनला लागतो तिथं बोटाच्या पेराएवढी जाळी असते, काही पाइपांच्या नळाकडच्या टोकालाही असते. बोअरच्या पाण्यावर ती दोन-चार महिन्यांत पांढरी होते. चिमट्याने अलगद ओढून काढा, लिंबाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, परत बसवा. जाळी फेकून देऊन मशीन चालवू नका. मग खडे थेट व्हॉल्व्हमध्ये जातात आणि पाणी बंदच होत नाही. असं एक घर आम्ही पाहिलंय. मशीन बंद, प्लग काढलेला, तरी मशीनच्या आत पाणी चढतंय.

जाळी स्वच्छ असूनही कोड आला तर टाकीकडं बघा. पुस्तकात पाण्याचा कमीत कमी दाब लिहिलेला असतो, ०.३ बार किंवा ०.५ बार असा. हिशेब सोपा आहे: पाण्याचा दहा मीटरचा उभा स्तंभ म्हणजे साधारण १ बार. म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा तीन मीटर, दहा फूट वर पाहिजे. मशीन वरच्या मजल्यावर आणि टाकी लगेच त्याच्या डोक्यावरच्या स्लॅबवर नुसती टेकवलेली असेल, तर टाकी भरलेली असताना मशीन चालते आणि टाकी निम्म्यावर आली की कोड येतो. "सकाळी चालती, संध्याकाळी नाही," असं कुणी म्हणालं की मी हाच प्रश्न विचारते. उपाय म्हणजे टाकीखाली ओटा बांधणं, नाहीतर लहान प्रेशर पंप. टाकी भरल्या-भरल्या धुणं टाकणं हा फुकटचा उपाय.

पाणी बाहेर न जाण्याचा कोड म्हणजे एलजीवर ओई, सॅमसंगवर ५सी किंवा ५ई, बॉशवर ई१८. फ्रंट लोडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात बहुधा एक छोटं झाकण असतं, त्यामागे फिल्टर. प्लग काढा, गरम पाण्यावर धुणं चाललं होतं तर थंड होऊ द्या, खाली परात आणि जुना टॉवेल. शेजारी छोटी नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा, मग फिल्टर डावीकडे हळूहळू फिरवा. एकदम उघडलात तर अख्खं न्हाणीघर धुऊन निघेल. आत काय काय सापडतं म्हणून सांगू: नाणी, हूक, सेफ्टी पिना, मंगळसूत्राचे मणी, आणि हंगामात सोयाबीन. भिजून हरभऱ्याएवढं फुगलेलं सोयाबीन पंपाच्या पंख्यात अडकलं की पंप नुसता गुंगुं करतो. फिल्टर काढल्यावर आत टॉर्च मारून पंखा बोटाने फिरतो का बघा, पण प्लग काढलेला आहे याची खात्री करूनच.

टॉप लोडवाल्यांची गोष्ट वेगळी. मागच्या उन्हाळ्यात खाडगाव रोडच्या एका मावशींचा फोन आला. त्यांच्याकडं दोनदा माणूस जाऊन आला होता, आमचा नाही, आणि पंप बदला म्हणाला होता.

"मावशी, ड्रेनचा पाइप कुठं सोडलाय?"

"ड्रममधी. पाणी वाया घालू का मी? फरशी त्याच पाण्यानं पुसते, संडासाला तेच वापरते."

"ड्रम केवढा उंच आहे?"

"माझ्या कमरेला लागतो की."

त्यांच्या मशीनला पंपच नव्हता. पुष्कळ टॉप लोड मशीन पाणी नुसतं उतारावर सोडतात. आत एक छोटी मोटर झडप उघडते, बाकी काम पाण्याने स्वतः करायचं. पाइप कमरेएवढ्या ड्रममध्ये चढवला तर पाणी चढणार कसं? नसलेला पंप बदलायला निघाले होते ते. मी त्यांना मशीन वीटबांधणीच्या पक्क्या ओट्यावर घ्यायला आणि ड्रमऐवजी पसरट टब ठेवायला सांगितलं. धुण्याचं पाणी पुन्हा वापरायची सवय मोडू नका, पण पाइपाची उंची पुस्तकात बघून घ्या. पंपवाल्या मशीनलाही मर्यादा असते, बहुतेक पुस्तकांत जमिनीपासून साठ सेंटिमीटर ते एक मीटरच्या आत असं लिहिलेलं असतं. आणि पंपवाल्या मशीनचा पाइप जमिनीवर खाली सोडून दिला, तर उलटंच होतं: भरत असतानाच पाणी वक्रनळीसारखं ओढलं जाऊन बाहेर जातं, आणि मशीन पाणी न आल्याचा कोड दाखवते. एकच पाइप, पण वर नेला तर एक कोड, खाली पडला तर दुसरा.

फेसाचाही कोड असतो, सॅमसंगवर एसयूडी असा दिसतो. बोअरच्या जड पाण्यात फेस होत नाही, म्हणून हाताला दोन-दोन मापं पावडर टाकायची सवय लागते. मग कधी टाकीत नळाचं गोडं पाणी आलं की त्याच मापात फेसाचा डोंगर होतो. पाणी बदललं की पावडरचं माप बदला.

यूई किंवा यूबी म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झाले. एकटी सोलापुरी चादर टाकलीत तर हा कोड येणारच. सोबत दोन टॉवेल टाका, किंवा मशीन थांबवून हाताने पसरवा. गोधडी टाकूच नका. नवी फ्रंट लोड पहिल्याच दिवशी नाचत असेल, तर वाहतुकीत आतला ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले बोल्ट काढलेत का ते बघा. डीई किंवा डीसी म्हणजे दार नीट लागलं नाही, बहुधा कपड्याचं टोक अडकलेलं असतं. आणि एलजीवर सीएल दिसलं तर तो बिघाड नाहीच. ते चाइल्ड लॉक आहे, घरातल्या लेकराने लावलेलं. ज्या बटणाखाली कुलपाचं चित्र आहे ते तीन सेकंद दाबून धरा.

विजेचं तंत्र पाण्यापेक्षा वाईट, कारण ते दिसत नाही. रब्बीच्या दिवसांत शेतात मोटारी चालू झाल्या की गावाकडं २३० ऐवजी १६०-१७० व्होल्ट मिळतात, आणि मग इंडक्शन, इन्व्हर्टर एसी, मायक्रोवेव्ह सगळेच कुरकुरतात. माझं म्हणणं, सॉकेटमध्ये खोचायचा आकड्यांचा छोटा व्होल्टमीटर घ्या, फार महाग नसतो. कोड आला की त्या क्षणी तो आकडा बघा आणि लिहून ठेवा. सात वाजता कोड येतो आणि अकरा वाजता येत नाही, तर मशीन उघडून काय सापडणार?

याच्या उलटं जास्त धोक्याचं. दिवे अचानक भगभगीत झाले, पंखा भरारा सुटला, तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो आणि घरात तीनशेच्या वर व्होल्ट शिरू शकतात. कोड वाचत थांबू नका, आधी मेन स्विच पाडा. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की टीव्ही, फ्रिज, एसीची वीज तोडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून ठेवा. पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या त्या आठ-पंधरा दिवसांत आमच्याकडं जळालेल्या बोर्डांची रास लागते.

इंडक्शनचे फोन येतात ट्यूशन एरियातून, म्हणजे क्लासेसच्या भागातून. बारावीची, नीटची पोरं, खोलीत चोरून मॅगी करणारी. "दीदी, ई-झिरो आलंय," म्हणतात. पुष्कळ शेगड्यांवर ई० म्हणजे भांडं नाही किंवा चालत नाही, पण आकडे कंपनीगणिक बदलतात, तेव्हा शेगडीच्या पाठीचं स्टिकर वाचा. भांड्याच्या बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर भांडं चालेल. घसरलं, तर ते स्टील असलं तरी शेगडीच्या उपयोगाचं नाही. आणि दोन मिनिटं चालून बंद पडत असेल तर ती गादीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवली आहे का? खालचा पंखा कागद ओढून घेतो, हवा कोंडते, गरम झाल्याचा कोड येतो. फरशीवर ठेवा. (आणि घरमालकाला माझं नाव सांगू नका.)

एसीत सगळ्यात नेहमीचा कोड म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या युनिटचं बोलणं तुटल्याचा. एलजीवर सीएच ०५, डायकिनवर यू४. डायकिनवर कोड बघायला रिमोटचं कॅन्सल बटण पाच सेकंद दाबून धरायचं, मग तेच बटण एकेकदा दाबत जायचं. लांब बीप वाजली की तो तुमचा कोड. बोलणं का तुटतं? उंदराने वायर कुरतडली, गच्चीवर टेपने केलेला जोड उन्हात सुटला, टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला. एमसीबी पाडून, बाहेरून जेवढी वायर दिसते तेवढी नजरेने तपासा, फोटो काढा. बाहेरच्या युनिटचं झाकण मात्र उघडू नका. वीज तोडल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, माणूस मरेल इतकी वीज काही वेळ असते. आमच्या पोरांनाही हे मीटर लावून बघितल्याशिवाय हात घालू देत नाहीत.

मे महिन्यात दुपारी तीनला कोड येऊन रात्री एसी आपोआप सुरळीत चालत असेल, तर बाहेरचं युनिट तापतंय. पत्र्याच्या शेडखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीवर ते कोंडलंय का, जाळीवर सोयाबीनचा भुसा, धूळ, कबुतराची पिसं बसलीत का, बघा. एमसीबी पाडून साध्या नळीच्या धारेने धुवा. गाड्या धुवायच्या प्रेशरने नाही, पाती वाकतात. गॅस कमी झाल्याचा कोड (एलजीवर सीएच ३८, डायकिनवर यू०) आला, तर येणाऱ्या माणसाला एकच विचारा: लीक कुठं आहे? गॅस वापरून संपत नसतो, तो गळूनच जातो. लीक न दाखवता नुसता भरून देणारा पुढच्या उन्हाळ्यात परत येणार.

फ्रिजवर सॅमसंगचा २२ई किंवा २२सी, एलजीचा ईआर एफएफ, म्हणजे आतला पंखा फिरत नाही. बऱ्याचदा त्याच्याभोवती बर्फ जमलेला असतो. फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दारं उघडी टाकून एक दिवस तसाच ठेवा, खाली फडकी. सुरीने बर्फ टोकरू नका. आठ-पंधरा दिवसांत कोड परत आला, तर बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर बघावा लागेल, तिथं माणूस बोलवा. निलंग्याच्या एका घरात लग्नात आलेला नवा कोरा फ्रिज चार दिवस दिवा लावून उभा होता, थंड होईना. डिस्प्लेवर "ऑफ" लिहिलेलं. तो दुकानातला डेमो मोड होता, दिवे लागतात पण कॉम्प्रेसर चालत नाही. पुस्तकात बघून दोन बटणं एकत्र दाबली, झालं. नव्या सासूबाईंनी तोवर फ्रिजवरून काय काय ऐकवलं असेल, देव जाणे.

माणूस बोलवायचाच असेल, तर कस्टमर केअरचा नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा मशीनच्या स्टिकरवरचाच घ्या. नेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. फोनवर आधी पैसे, ओटीपी, किंवा मोबाइलमध्ये एखादं ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवा. वॉरंटी असेल तर आम्हालाही बोलवू नका, कारण आम्ही एक स्क्रू उघडला की कंपनी हात वर करू शकते. आणि तुमच्या पैशाने कुणी बोर्ड बदलला तर जुना बोर्ड मागून घ्या. तो तुमचा आहे. पुष्कळदा एखादा रिले किंवा कॅपॅसिटर बदलून तोच बोर्ड चालतो, गावात असे बोर्ड दुरुस्त करणारी पोरं आता आहेत.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, दुकान बंद असतं, आम्ही रेणापूरला शेतात असतो, भज्जी-अंबिल सोडून फोन उचलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ड्रेनच्या कोडचे फोन लागतात, कारण सगळ्या गावाने काळ्या रानातले चिखलाचे कपडे तसेच मशीनमध्ये कोंबलेले असतात. ते आधी बादलीत दोनदा खळबळून घ्या, खिसे उलटे करून झटका, मग टाका.